लेखक गावाचं काय देणं लागतो? आणि गाव लेखकाचं?

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय जुनाच आहे, पण मध्यंतरी चांगलाच अंगावर आला म्हणून इथे टाकतोय.

माझा कथासंग्रह आला, म्हणून गावच्या वाचनालयाने सत्कार ठेवला. वाचनालय 'ड' वर्गातलं. म्हणजे एक खोली, चार कपाटं आणि एका पेपरासाठी भांडणारी पाचसहा म्हातारी माणसं. शाल, श्रीफळ, सरपंचांचं भाषण, "आपल्या मातीचा सुपुत्र" वगैरे सगळं रीतसर झालं. संग्रहातल्या निम्म्याहून जास्त कथा याच गावातल्या आहेत. पण जमलेल्यांपैकी एकानेही पुस्तक वाचलेलं नव्हतं. ग्रंथपालसुद्धा "आता घेतो वाचायला" म्हणाले.

कार्यक्रम उरकल्यावर तिघेजण बाहेर थांबलेले. हातात पिशवी. पिशवीत सातबारा, फेरफार, भूसंपादनाच्या नोटिशीची झेरॉक्स, तीही घडीवर फाटलेली. पाझर तलावात जमीन गेली आणि मोबदला अर्धाच मिळाला. त्यातले थोरले म्हणाले, "लेखक झालास ना? मग प्रांताला एक खरमरीत अर्ज लिहून दे." मी म्हटलं, तात्या, मी कथा लिहितो, अर्जासाठी एखादा वकील बघा. तर म्हणाले, "कथाच हाय की ही. वकील पैसं घेतो आन् आपलं म्हणणं लिहीतच नाय, त्याचं त्याचं लिहितो."

अर्ज दिला लिहून. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. ज्यांच्या जगण्यावर मी लिहितो ते मला वाचत नाहीत. जे वाचतात ते शहरात राहतात आणि "काय अस्सल ग्रामीण लिहिता हो!" म्हणतात. गावाने माझ्याकडे मागितला तो अर्ज. पुस्तक कोणी मागितलंच नव्हतं. मग मी नक्की कोणाचा लेखक?

अनुभवी लोकांनी लिहावं. "लिहीत राहा, शुभेच्छा" छाप प्रतिसाद नकोत.

---

खारीकबदाम

लिहीत राहा, शुभेच्छा.

(पळतो.)

---

टंकलेखक

रानवाट, तात्यांचं ते शेवटचं वाक्य वहीत टिपून ठेवा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

आपण लिहिणारी माणसं गृहीत धरतो की लेखन म्हणजे मुळातच चांगली गोष्ट आणि लोकांनी तिच्याकडे यावं. गावाची लेखणीशी पहिली ओळख काही गोष्टीच्या पुस्तकातून झालेली नाही. ती गावचे हिशेब लिहिणाऱ्या कुलकर्ण्याच्या दप्तरातून आणि सावकाराच्या खतावणीतून झाली. अंगठा आपण उठवायचा आणि वर काय लिहिलंय ते दुसऱ्याने सांगायचं. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि पुणे-नगर भागात पसरला. त्यात लोक सावकारांकडे काय मागत होते? रोखे, कर्जखतं, कागद. कागद हाती आला की जाळायचा. कागदाशी ज्यांचं हे नातं, त्यांच्या नातवंड-पणतवंडांनी तुमचा संग्रह लगेच उशाशी घ्यावा ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

आता आमच्या नगर जिल्ह्यातला (नवं नाव अहिल्यानगर, माझ्या तोंडात अजून बसत नाही) एक माणूस सांगतो. मुकुंदराव पाटील. 1910 पासून 'दीनमित्र' हे सत्यशोधकी साप्ताहिक चालवलं ते थेट 1967 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत. आणि चालवलं कुठून? नेवासे तालुक्यातल्या तरवडीतून. आजही तरवडी म्हटलं की लोक "कुठे आलं हे?" विचारतात. कागद, शाई, छपाईचे खिळे, टपाल हे सगळं पुण्यात बसून किती सोपं झालं असतं! पण पेपर ज्यांच्यासाठी होता ती माणसं पुण्यात नव्हती.

याच मुकुंदरावांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहिलं. गावचा कुलकर्णी लेखणीच्या एका फटकाऱ्याने कुणब्याला कसा उठवतो, भावाभावांत कशी लावून देतो, हा सगळा मामला. लिहिलाय कसा? ओव्यांत, पोथीच्या थाटात. यात थट्टा तर आहेच, पण मला त्याहून मोठा वाटतो तो व्यवहार. गावाला पोथी ऐकायची सवय होती. वाचता एकाला आलं तरी भागतं, बाकीचे ओट्यावर बसून ऐकतात. ज्या लेखणीची गावाला धास्ती, तिच्याच लबाड्या गावाच्याच चालीत बांधून गावाच्या हाती दिल्या. लोकांनी पोथीसारखी ऐकली, पुन्हा पुन्हा छापावी लागली.

राग मानू नका, तुमच्या दोन कथा मी वाचल्या आहेत. निवेदन शुद्ध प्रमाण मराठीत आणि माणसं बोलायला लागली की गावरान. म्हणजे लेखक ओसरीवर खुर्चीत आणि पात्रं खाली घोंगडीवर. तात्यांना ती खुर्ची दिसते, त्यासाठी वाचता यावं लागत नाही.

---

निळीशाई

टंकलेखक, माहिती उत्तम, निष्कर्ष अमान्य.

लेखक हा काही समाजाचा नोकर नाही. अर्ज लिहिणं हे नागरिक म्हणून चांगलं काम आहे, जरूर करा, पण ते लेखनाच्या खाती मांडू नका. समाजाच्या मागणीबरहुकूम लिहायला लागलात की पहिली ऑर्डर येते ती स्मरणिकेची. जयंतीचा विशेषांक, कुलदैवताचं माहात्म्य, "आमच्या समाजाचे देदीप्यमान योगदान". ज्या ज्या समाजाने लेखकाकडे काही मागितलं, त्याने आधी कौतुकच मागितलं.

उदाहरण द्यायचं तर दया पवारांचं 'बलुतं' 1978 ला आलं. पाठोपाठ इतर दलित आत्मकथनं आली. मराठी साहित्याला त्यांनी मुळापासून हलवलं असं आपण सगळे आज म्हणतो. त्या वेळी त्याच समाजातल्या शिकून सवरून कॉलनीत राहायला गेलेल्या बऱ्याच लोकांचं म्हणणं काय होतं? जुना उकिरडा कशाला उकरता, आपली लक्तरं वेशीवर का टांगता. समाजाला विचारून लिहायचं ठरलं असतं तर त्यातलं एकही पुस्तक झालं नसतं.

---

सखूमावशी

निळीशाई, तुम्ही "समाज, समाज" म्हणताय तो नक्की कोण? कॉलनीत राहायला गेलेले लोक तेवढे समाज आणि वस्तीवर राहिलेल्या बायका कोण?

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घ्या. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला रद्दी यायची, त्या रद्दीतले कागद वाचून वाचनाची गोडी लागली. मग गल्ल्यावर बसल्या बसल्या लिहायला लागल्या. नवऱ्याला आणि घरच्यांना कळू द्यायचं नाही, म्हणून लिहिलेलं अडगळीत दडवायचं. वीसेक वर्षं ते कागद तसेच पडून होते! फलटणला येऊन राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांच्या नजरेस पडले, त्यानंतर 'स्त्री' मासिकात आले आणि 1986 ला पुस्तक झालं. आता सांगा, या बाईने समाजाची परवानगी घेतली असं म्हणायचं की नाही घेतली? समाजातल्या पुरुषांची नाही घेतली. पण पळून जाऊ पाहणाऱ्या सुनांच्या पायात लाकडी खोडा घालत, ते त्यांनी लिहिलं. त्या सुनांनी काय "आमचं लिहू नका" म्हटलं असतं?

समाज एक नसतो हो. त्यात ज्याचं तोंड चालतं त्याचंच म्हणणं आपल्यापर्यंत पोचतं.

आता माझं. मी लेखिका नाही. आमच्या बचत गटाची सचिव आहे, इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते. दर बैठकीला कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, कर्ज कशासाठी मागितलं हे लिहायचं. गटात पाचवीच्या पुढे शिकलेल्या दोघीच. पण मी लिहायला लागले की सगळ्याजणी वाकून वहीत बघतात. वाचता येत नाही तरी बघतात! "थकला" लिहू नको, "पुढच्या येळी देणार" लिही. नवऱ्याच्या दारूपायी पैसे गेले असतील तर "घरगुती अडचण". एकदा बँकेचा माणूस वही बघून म्हणाला, मावशी, तुमच्या गावात फारच घरगुती अडचणी आहेत. मी म्हटलं, आहेतच.

त्या वहीत खोटं एक अक्षर नाही. पण कोणतं खरं कोणाच्या हातात जाणार, याचा विचार आम्ही बसून करतो. पुस्तकवाले करतात का?

---

निळीशाई

मावशी, वही आणि वाङ्मय यांत फरक आहे. "घरगुती अडचण" लिहिणारा लेखक असेल तर त्याचं पुस्तक मी विकत घेणार नाही.

---

सखूमावशी

नका घेऊ. वही विकायला ठेवलेली नाही.

---

वडसेकर

रामराम. तुमच्या पुण्या-मुंबईकडच्या लोकायले हा प्रश्न पडते, आमच्याकडे पडत नाही जी.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, धान निघाला का नाटकाचा हंगाम सुरू. दिवाळीपासून होळीपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज, इथं नाटक कंपन्यांची हापिसं ओळीनं. गावोगावची मंडळं येतात, तारीख आणि नाटक बुक करतात. गावात मंडई म्हणजे जत्रा असते, नाहीतर शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडल्यावर संपते. प्रेक्षक थंडीत चादरी पांघरून बसून राहतात, तिकीट काढून! ऑर्गन, तबला, गाणी सगळं जिवंत.

या नाटकांचे लेखक इथलेच. शिक्षक, शेतकरी, कधी कंपनीतला नटच. दारू, कर्ज, जमिनीचं भांडण, पोरीचं लग्न, सावकार असले विषय. आता मुद्दा सांगतो. माझ्या ओळखीचे एक लेखक आहेत, नाव नाही सांगत. पयल्या प्रयोगाले ते स्टेजमागे नाही राहत, मागच्या रांगेत चादर घेऊन बसतात. कोणत्या वाक्याले बाया पदर डोळ्याले लावतात, कोणत्या प्रवेशाले पोट्टे चहाले उठतात, हे बघतात. चहाले उठले म्हणजे तो प्रवेश कापला. दुसऱ्या दिवशी टपरीवर माणूस तोंडावर सांगते, "भाऊ, ते सावकाराचं जमलं नाही. आमच्या गावचा सावकार असा ओरडत नाही. तो हासून बोलते, म्हणून तर भेव वाटते." लेखकानं पुढच्या प्रयोगाले सावकार हासता केला.

समीक्षक येऊन असं सांगेल का? आणि 2023 मध्ये आमच्या परशुराम खुणे यांले पद्मश्री भेटली तेव्हा कुठं बाकी महाराष्ट्राले कळलं का इकडं नाटक होते.

---

निळीशाई

हे आवडलं. सावकार हसता केला ही सुधारणा कोणत्याही संपादकाला अभिमान वाटावा अशी आहे. पण वडसेकर, चहाला उठले म्हणून प्रवेश कापला, यातच माझी भीती आहे. काही प्रवेश लोकांनी उठून जावं असेच असतात.

---

वडसेकर

असतात ना जी. पण मग पुढच्या वर्षी मंडळ बुकिंग करत नाही. ते सोसायची तयारी पाहिजे. हे पण गाव आणि लेखकामधलं नातंच झालं.

---

हडसन_कट्टा

छोटासा अनुभव. इकडे परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी लेख दिला होता. मुलाकडे सहा महिने राहायला आलेले आईवडील दिवसभर बंद घरात कसे बसतात, गाडी चालवता येत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही कसे जाऊ शकत नाहीत, यावर. समितीचा निरोप आला, लेख छान आहे पण गणपतीच्या अंकात "आनंदी काहीतरी" द्या. मग मी मोदकांवर लिहिलं. मोदकांच्या लेखाची खूप वाहवा झाली. ज्या काकांवरून मूळ लेख लिहिला होता, त्यांनीही फोन करून मोदकांचं कौतुक केलं.

निळीशाईंच्या स्मरणिकेच्या मुद्द्याला माझा दुजोरा.

---

लालबाग_सिग्नल

धाग्याच्या नावातला दुसरा प्रश्न सगळे गाळताय. गाव लेखकाचं काय देणं लागतं?

त्याआधी अर्जाबद्दल. निळीशाईंना अर्ज हे लेखन वाटत नाही. नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधू' या साप्ताहिकाचे संपादक. स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. 1884 ला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, निवेदन लिहिलं आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या, अंगठे घेतले. मागण्या साध्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी जेवायला अर्धा तास, पगार ठरल्या वेळेला. पाठपुरावा चालू राहिला आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. तुम्ही रविवारी दुपारी लोळत कादंबरी वाचता ना, ती त्या अर्जाच्या कृपेने. एवढा परिणाम झालेलं दुसरं मराठी गद्य मला तरी माहीत नाही, आणि ते कोणत्याही वाङ्मयेतिहासाच्या प्रकरणात नाही.

आता देणं. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक काढलं, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी ते फार काळ टिकलं नाही. महाडच्या सत्याग्रहापाठोपाठ, 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत' निघालं. संपादक स्वतः बाबासाहेब. पगारी माणूस ठेवायला पैसे नाहीत, म्हणून एकेका अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहायचे. कोर्ट, कॉलेज, सत्याग्रह सांभाळून! आणि शेवटी "बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?" असा अग्रलेख लिहून लोकांपुढे हिशेब मांडावा लागला. 1929 ला तेही बंद पडलं. लोक गरीब होते हे खरंच, वर्गणी कुठून देणार. पण त्या शीर्षकाचा सूर बघा. मी तुमच्यावर उपकार करतोय असा नाही आणि तुम्ही माझे मायबाप वाचक असाही नाही. हा व्यवहार आहे, यात दोन्ही बाजूंना देणं आहे, असं रोखठोक विचारलंय.

आमच्या गिरणगावात कलापथकांना हे जमलं होतं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 चं. कार्यक्रम चाळीच्या चौकात नाहीतर गिरणीच्या गेटवर. माझे आजोबा सांगत, शाहिरांचं जेवण कुठल्या खोलीत होणार यावरून मजल्यामजल्यात भांडणं लागायची. अण्णा भाऊंना नंतरच्या आयुष्यात समाजाने किती विचारलं, ते मात्र विचारू नका. हालात गेले 1969 ला. आता चौकाचौकात पुतळे आहेत. पुतळ्याला वर्गणी लगेच जमते.

---

टंकलेखक

शेवटच्या वाक्याला कडक सलाम. 'दीनमित्र'च्या बाबतीतही थकलेल्या वर्गणीचं रडगाणं होतंच. गावात एक अंक यायचा आणि सगळं गाव ऐकायचं, मग वर्गणीदार एकच. वाचक भरपूर आणि पैसे एकाचे. आपल्याकडे हे अजून बदललेलं नाही, फक्त अंकाऐवजी पीडीएफ फिरते.

---

हुगळीकाठ

नोकरीमुळे बरीच वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून इकडचं एक उदाहरण. महाश्वेतादेवींनी 1980 पासून 'बर्तिका' नावाचं नियतकालिक चालवलं. नामवंत लेखिका, त्यांना काय, कोणीही लिहून दिलं असतं. पण त्यांनी पानं उघडली ती शेतमजूर, आदिवासी, कारखान्यातले कामगार यांच्यासाठी. तुमच्या गावाची पाहणी तुम्हीच करा, तुम्हीच लिहा.

जादवपूरला एक रिक्षावाला होता. तुरुंगात लिहायला-वाचायला शिकलेला. एकदा सवारी म्हणून बसलेल्या बाईंना त्याने एका अवघड शब्दाचा अर्थ विचारला. बाईंनी अर्थ सांगितला आणि विचारलं, हा शब्द तुला कुठे भेटला? म्हणाला, पुस्तकात. त्यावर बाईंनी त्याला आपल्या नियतकालिकात लिहायला सांगितलं. बाई म्हणजे महाश्वेतादेवी आणि रिक्षावाला म्हणजे मनोरंजन ब्यापारी. 1981 ला त्यांचा पहिला लेख 'बर्तिका'त आला, विषय अर्थातच रिक्षा ओढणं. पुढे ते मोठे लेखक झाले, 2021 ला आमदारही.

रानवाट, तुम्ही गावासाठी काय लिहावं यावर सगळे बोलताहेत. गावातलं कोण लिहू शकेल, हे तुम्ही कधी शोधलंत का? तात्यांचं बोलणं वाचून मला तरी वाटलं, पेन त्यांच्या हातात द्यायला हवं होतं.

---

खारीकबदाम

मी परत आलो. धागा भारी झालाय, माझी शुभेच्छा मागे घेतो.

---

रानवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. टंकलेखकांची खुर्ची-घोंगडी वाचून दोन दिवस गप्प बसलो होतो. मान्य करायला जड जातंय, आणि पूर्ण मान्यही नाही. मी प्रमाण भाषेत विचार करतो कारण शाळेने तसं शिकवलं. गावरान निवेदन केलं तर तेही सोंगच होईल की नाही?

हुगळीकाठ, तात्या लिहिणार नाहीत. पण तुमच्या म्हणण्यावरून एक ठरवलंय. पाझर तलावावर एक कथा चालू आहे, दिवाळी अंकाला द्यायचीय, संपादकांना ऑगस्टअखेर हवी. ती आधी देवळात एकादशीच्या भजनानंतर वाचून दाखवणार. वाचनालयात नको, तिथे लोक सत्काराला आल्यासारखे बसतात.

एकच अडचण आहे. कथेत एका बाईंचा संदर्भ आहे, जमीन गेल्यावर घरात जे झालं त्याचा. नाव, आडनाव, वस्ती, सगळं बदललंय.

---

सखूमावशी

नाव बदलल्याने मुंबईच्या वाचकाला कळत नाही, ती बाई कोण. गावाला पहिल्याच परिच्छेदात कळतं. आणि तुम्ही वाचणार गावात! आधी तिच्या ओसरीवर जा आणि तिला एकटीला वाचून दाखवा. नवरा, दीर कोणी नको.

---

निळीशाई

आणि ती "नको" म्हणाली तर? कथा फाडायची?

---

सखूमावशी

"नको" फार थोड्या म्हणतात. बहुतेकजणी "असं नव्हतं झालं" म्हणतात आणि मग कसं झालं ते सांगायला बसतात. दुपार मोकळी ठेवून जा.

---

वडसेकर

आणि ते तुमच्या कथेपेक्षा भारी असते, लिहून घ्या.

---

निळीशाई

मग ती सांगणार, हे उतरवून घेणार. लेखक कोण, ती की रानवाट?

---

सखूमावशी

मानधन कोणाला मिळणार ते बघून ठरवा.

---

रानवाट (धागाकर्ता)

दिवाळी अंकाचं मानधन म्हणजे अंकाची एक प्रत, मावशी. तीही दोनदा फोन केल्यावर.